लेकराची शी-शू : मार नको, वेळ द्या

विषय वाचून काही वाचक नाक मुरडतील. लिहायला दुसरे काही उरले नाही काय, असेही विचारतील. पण माता-भगिनींनो आणि बंधूंनो, ज्या घरात दीड-दोन वर्षांचे लेकरू आहे, त्या घरात दिवसातून दहा वेळा हाच विषय निघतो. गोधडी भिजली म्हणून, सारवलेल्या अंगणात घाण केली म्हणून, नवी चड्डी भरवली म्हणून त्या लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. मारणारी माय वाईट नसते, ती दमलेली असते. पण लेकराला हे कुठे कळते? त्याला एवढेच कळते, की शी झाली की मार बसतो. मग ते शी दाबून धरते, नाहीतर खाटेमागे लपून करते. तिथून पुढे घरात रोजचे भांडण सुरू होते.

आम्ही आज याच भांडणाबद्दल लिहिणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : लेकराला शी-शूची सवय लावणे ही आपल्या आया-आज्यांना पिढ्यान्पिढ्या येणारी विद्या आहे. ती विकत घ्यावी लागत नाही. तिला लागतो तो वेळ आणि शांत डोके. हा वेळ एकट्या मायने कुठून काढायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सगळ्या घराने आणि सगळ्या वस्तीने द्यायचे आहे.

रनाळ्याच्या मायचा दिवस

रनाळे हे नंदुरबार तालुक्यातले गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. त्या जिल्ह्यातले हे शेतीचे आणि शेतमजुरांचे गाव. नंदुरबारची मिरची महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर नाव कमावून आहे. पण ती मिरची तोडायला, पथारीवर वाळत घालायला, देठ खुडायला बाया जातात. कापूस वेचायला बाया जातात. हंगामात सकाळी भाकरी बांधून निघालेली माय दिवस कलल्यावर घरी येते.

मग लेकरू कोणाजवळ राहते? घरात आजी असेल तर आजीजवळ. नसेल तर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. तेही जमले नाही तर शेताच्या बांधावर, झाडाला बांधलेल्या झोळीत. तिथे ते कधी शू करते, कधी शी करते, हे बघायला कोणाला सवड? संध्याकाळी माय घरी येते तेव्हा लेकरू ओल्या चड्डीने रडत असते, आणि चूल पेटायची असते. अशा वेळी उठलेल्या हाताला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. पण तो हात उठू नये यासाठी काय करता येईल, हे मात्र जरूर सांगू.

मायचे पाय हीच पहिली बैठक

आपल्याकडे जुन्या बाया काय करतात ते आठवा. माय जमिनीवर पाय लांब करून बसते. दोन्ही पावले थोडी जवळ घेते, मध्ये फट ठेवते. त्या पावलांवर लेकराला बसवते आणि हाताने धरून ठेवते. तोंडाने ‘शूऽऽ शूऽऽ’ असा आवाज करते. खाली कागद नाहीतर राख टाकलेली असते. लेकरू मायच्या तोंडाकडे बघत, तिच्या पायांच्या उबेत आपले काम उरकते. ना भांडे, ना खुर्ची, ना खर्च.

शहरात राहून आलेल्या काही सुनांना हे गावंढळ वाटते. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर, केनिया आणि टांझानिया या देशांत डिगो नावाचे लोक राहतात. त्यांच्या आया अगदी अशाच जमिनीवर पाय लांब करून बसतात, लेकराला पायांमध्ये धरतात आणि तोंडाने ‘शू’सारखाच आवाज काढतात. १९७७ साली डीव्रीस या संशोधकांनी त्यांच्याबद्दल लिहिले. मायच्या मदतीने तिथली लेकरे पाच-सहा महिन्यांची असतानाच बरीचशी कोरडी राहू लागतात, असे त्यांना आढळले. हे वाचून पुढारलेल्या देशांतल्या डॉक्टरांना नवल वाटले. आपल्या आज्यांना वाटले नसते.

उलट अमेरिकेत काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथल्या आयांना शिकवीत, की काही महिन्यांच्या बाळालाही घड्याळ लावून भांड्यावर बसवा, सक्ती करा. पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले, की या सक्तीने मुले अडून बसतात आणि शी धरून ठेवतात. १९६२ साली ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडे आलेल्या ११७० मुलांच्या नोंदी छापल्या. लेकरू तयार दिसेल तेव्हाच, त्याच्या कलाने शिकवा, असे त्यांचे सांगणे होते. त्या मुलांना दिवसाची सवय सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस महिन्यांच्या सुमारास लागली. म्हणजे सव्वादोन-अडीच वर्षांचे लेकरू अजून चड्डी ओली करीत असेल, तर आभाळ कोसळलेले नाही.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. तशा त्या नाहीत. डिगो माय लवकर सुरू करते, पण मारत नाही, घाई करत नाही. दिवसभर लेकरू तिच्या अंगाशी असते, म्हणून तिला त्याची चाहूल कळते. अमेरिकेतली माय उशिरा सुरू करते, पण तीही सक्ती सोडून देते. लवकर असो की उशिरा, दोन्हीकडे लेकराचा कल बघणारे माणूस जवळ असते. तेच मुख्य आहे.

लेकरू तयार झाले कसे ओळखावे?

पायांवर बसवण्याची सवय बाळपणापासून लावता येते. पण लेकराने स्वतः सांगावे, चालत जावे, बसावे आणि उठावे, यासाठी त्याच्या अंगात तेवढी ताकद आणि डोक्यात तेवढी समज यावी लागते. बहुतेक लेकरांत ती दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान येते. तिच्या खुणा अशा :

लेकरू दीड-दोन तास कोरडे राहू लागते. शी करायच्या आधी एका जागी थांबते, कुंथते, कोपऱ्यात जाते किंवा मायचा पदर ओढते. ओली चड्डी त्याला नकोशी होते, ते ती ओढून काढायला बघते. ‘उठ’, ‘बस’, ‘ते आण’ अशी साधी सांगणी त्याला कळतात. उकिडवे बसून स्वतः उठता येते. आणि त्याच्या तोंडी एखादा शब्द येतो : ‘शी’, ‘शू’, काहीही. एखादे बोलके लेकरू आपल्या अहिराणीत सांगते, ‘‘माय, माले शी लागनी.’’ असे म्हणाले, की हातातले काम टाकून उठावे. त्या वेळी ‘‘थांब जरा’’ म्हणू नये. दोन वर्षांच्या लेकराला थांबता येत नाही.

मुली काही वेळा मुलांपेक्षा थोड्या लवकर शिकतात. शेजारच्या घरचे लेकरू लवकर शिकले म्हणून आपल्याला घालूनपाडून बोलू नये. कोणी नवव्या महिन्यात चालते, कोणी चौदाव्या. इथेही तसेच.

काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. झोपेतून उठल्यावर, आणि खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने लेकराला बसवावे. पोटात अन्न पडले की आतडी हालू लागतात आणि शीची भावना होते, हा शरीराचाच नियम आहे. त्याचा फायदा घ्यावा. सकाळी कामाला निघण्याच्या घाईआधी ती पाच मिनिटे काढता आली, तर निम्मे काम झाले. पाच मिनिटांत झाले नाही तर उठवावे. अर्धा तास बसवून ठेवल्याने शी येत नाही, रडू येते.

दुसरी गोष्ट जागा. रोज एकच जागा असावी. अंगणाच्या कडेला दोन सपाट विटा ठेवल्या तरी चालतात. मध्ये जुना कागद किंवा राख टाकावी. लेकराची पावले टेकली पाहिजेत. पाय लोंबकळत असले की कुंथायला जोर मिळत नाही. प्लास्टिकचे शीचे भांडे घेतले तरी हेच बघावे, पाय जमिनीला लागतात ना?

तिसरी गोष्ट कपडा. या दिवसांत सुटी, ढिली, इलास्टिकची चड्डी घालावी. नाडीची गाठ सोडता सोडता लेकराचे काम होऊन जाते आणि मग बोलणी त्यालाच बसतात. उन्हाळ्यात घरात उघडे ठेवले तरी हरकत नाही.

चौथी गोष्ट शब्द. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. माय ‘शी’ म्हणते, आजी दुसरे काही, बाप तिसरेच, असे झाले की लेकरू गोंधळते.

पाचवी गोष्ट शाबासकी. झाले की ‘‘वा रे माझा वाघ’’, ‘‘शहाणी माझी पोर’’ म्हणावे, एक मुका घ्यावा. खाऊची लाच रोज दिली पाहिजे असे नाही. नाही जमले, चड्डी भरली, तर मुकाट्याने धुवावे आणि ‘‘पुढच्या वेळी विटांवर हं’’ एवढेच म्हणावे.

शौचालय असले तरी तीन वर्षांच्या लेकराला त्याची भीती वाटते. आत अंधार असतो, दार लागते, भांडे त्याच्या मानाने मोठे असते. आपण आत पडू असे त्याला खरेच वाटते. म्हणून सुरुवातीला दार उघडे ठेवावे, आत उजेड असावा, एकाने हात धरावा. पाणी ओतायचे काम लेकराला द्यावे. त्याला ते आवडते आणि भीती जाते. लहान मगच हाताशी ठेवावा, म्हणजे पाण्याच्या टंचाईतही बादली रिकामी होणार नाही.

रात्रीचे वेगळे. दिवसाची सवय लागली तरी रात्री गोधडी ओली होणे पुढे बराच काळ चालते. पाच वर्षांपर्यंत तो आजार समजत नाहीत. काही घरांत बापही लहानपणी तसाच असतो, आजीला विचारून बघावे! झोपण्याआधी शू करायला लावावी, गोधडीखाली प्लास्टिकचा कागद घालावा, आणि सकाळी चारचौघांत त्याचा बभ्रा करू नये.

माराने काय होते?

माराने सवय लागत नाही, भीती लागते. भ्यालेले लेकरू शी धरून ठेवते. धरलेली शी आत वाळते, खडा होतो. पुढच्या वेळी ती बाहेर येताना दुखते, कधी चीर पडून रक्त येते. दुखते म्हणून लेकरू आणखी धरते. असे चक्र सुरू होते. पुढे वाळलेल्या खड्याच्या बाजूने पातळ शी नकळत पाझरते आणि चड्डीला लागते. घरच्यांना वाटते पोरगा मुद्दाम करतो, नाहीतर जुलाब लागले. प्रत्यक्षात त्याला मलावरोध झालेला असतो. अशा लेकराला पाणी, पातळ वरण, पालेभाजी, पपई, केळे द्यावे. आपल्या भागात पपईला तोटा नाही. तरीही चार-आठ दिवसांत फरक पडला नाही, तर दवाखान्यात दाखवावे. मनाने जुलाबाचे औषध देऊ नये.

माराइतकीच वाईट गोष्ट म्हणजे लाज. ‘‘छी, घाणेरडा कुठला’’, ‘‘याला शिवू नका रे’’ असे आपण सहज म्हणून जातो. वाचकहो, ‘शिवू नका’ हे शब्द आपल्या तोंडी शोभतात काय? आपल्या बापजाद्यांनी ते शब्द आयुष्यभर ऐकले. दोन वर्षांच्या लेकराला, त्याच्याच आईच्या दारात, गमतीनेसुद्धा ते ऐकवू नयेत. शी घाण आहे, ती धुऊन टाकायची आहे. लेकरू घाण नाही. हा फरक त्याला लहानपणीच समजला पाहिजे.

शी गेली कुठे?

आता दुसरा अर्धा भाग, ज्याच्याकडे आपले लक्ष कमी जाते. लेकराने शी केली, मायने कागदात गुंडाळली आणि उकिरड्यावर फेकली, किंवा गटारीत ढकलली. का, तर लहान लेकराची शी निरुपद्रवी असते असा समज आहे. हा समज चुकीचा आहे. लेकराच्या शीतही मोठ्या माणसाच्या विष्ठेइतकेच रोगजंतू असतात, काही वेळा जास्तच. जुलाब, कावीळ, विषमज्वर, जंत हे रोग विष्ठेतून हातावर, हातातून भाकरीवर आणि माशीच्या पायांवरून ताटात येतात.

पोलिओचेच बघा. त्याचा विषाणू विष्ठेतूनच पसरतो. १९९५ सालापासून घरोघर फिरून लेकरांना दोन थेंब पाजले, तेव्हा कुठे २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त झाल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेने दिला. सगळ्याच रोगांवर असे थेंब नाहीत. त्यांच्यावर उपाय म्हणजे शौचालय आणि साबण.

संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडत, आणि मग रात्री कीर्तन करीत. त्यांच्या नावाने राज्याने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी देशाची खेडी हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर केले गेले. गावोगाव पाट्या लागल्या. पण ज्या घरात शौचालय आहे आणि लेकराची शी मात्र गटारीत जाते, त्या घराला हागणदारीतून मुक्ती मिळाली असे आम्ही कसे म्हणावे?

तेव्हा कागदावरची किंवा भांड्यातली शी शौचालयात टाकावी आणि वरून पाणी ओतावे. कागद आत टाकू नये, भांडे तुंबते. शौचालय नसेल तर खड्ड्यात टाकून वर माती लोटावी. लंगोट धुतलेले पाणीही शौचालयातच ओतावे, हापशाजवळ किंवा नदी-नाल्यात नको. लेकराला धुताना पुढून मागे धुवावे. मुलींच्या बाबतीत हे काटेकोर पाळावे, नाहीतर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. नंतर आपले हात साबणाने धुवावेत आणि लेकराचेही धुवावेत. राखेने हात घासण्याची जुनी रीत साबण नसेल तेव्हा चालते. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ होत नाहीत.

आणि एक गोष्ट खास मिरचीवर जाणाऱ्या भगिनींसाठी. दिवसभर देठ खुडलेल्या हाताने लेकराला धुऊ नका. मिरचीची आग नुसत्या पाण्याने जात नाही. आधी हाताला गोडेतेल चोळा आणि मग साबणाने धुवा. तरीही त्या संध्याकाळी लेकराला दुसऱ्या कोणी धुतले तर उत्तम. हा दुसरा कोणी म्हणजे बाप. त्याच्याबद्दल पुढे लिहितोच.

डायपरचा हिशेब

हल्ली गावातल्या किराणा दुकानातही डायपरची पाकिटे लटकलेली दिसतात. आम्ही पेशाने कारकून, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. एक डायपर दहा रुपयांचा धरा. दिवसाला चार धरा. दिवसाचे चाळीस, महिन्याचे बाराशे रुपये झाले. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे महिन्यातले चार दिवस मायने फक्त डायपरसाठी राबायचे! त्याच पैशांत अंडी, डाळ, शेंगदाणे आले असते.

प्रवासाला, दवाखान्यात, आजारपणात एखादा डायपर वापरला तर आमची हरकत नाही. पण रोजचा डायपर लेकराला ओले झाल्याचे कळूच देत नाही, आणि ओलेपणा कळल्याशिवाय सांगण्याची इच्छा होत नाही. जुन्या धोतराचे, साडीचे लंगोट धुवायला कष्ट पडतात हे खरे, पण उन्हात वाळवलेला सुती लंगोट लेकराच्या कातडीलाही मानवतो.

आणखी एक विचार करा. वापरलेला डायपर जातो कुठे? खेड्यात तो उकिरड्यावर पडतो आणि कुत्री त्याच्या चिंध्या करतात. प्लास्टिक असल्याने तो कुजत नाही. शहरात तो कचऱ्याच्या डब्यात जातो आणि तिथून सफाई कामगाराच्या हातात. तो सफाई कामगार बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो, हे आपल्याला सांगायला नको. माणसाने माणसाची विष्ठा वाहू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरी आपण उघडा डायपर फेकला, तर तेच काम दुसऱ्या रूपाने आपल्याच भावाबहिणीच्या हाती देतो. म्हणून वापरलाच तर आतली शी शौचालयात टाकावी, डायपर कागदात घट्ट गुंडाळावा, त्यावर खूण करावी आणि वेगळा द्यावा.

बहिणीची शाळा आणि बापाचे हात

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हे सगळे करायचे कोणी?

आज ते काम पुष्कळ घरांत मोठ्या बहिणीवर पडते. आठ वर्षांची पोर कडेवर भावाला घेऊन फिरते, त्याची शी धुते, त्याला भरवते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. पुढे ती अभ्यासात मागे पडते आणि घरचे म्हणतात, ‘‘हिचे डोकेच नाही.’’ सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो कायदा घराच्या उंबऱ्यावर अडतो, कारण घरात लेकराचे लंगोट बदलायला दुसरे कोणी नाही. भावाची सवय लागेपर्यंत बहिणीची दोन वर्षे जातात, आणि तेवढ्यात दुसरे भावंड येते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना दोन गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या : स्वच्छ राहा आणि मुलांना शिकवा. बायकोने नवऱ्याच्या बरोबरीने, मैत्रिणीच्या नात्याने वागावे, असेही त्यांनी सांगितले. आज आम्ही त्यातून असा अर्थ काढतो, की एका लेकराच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्या लेकराची शाळा बुडवणे हे बाबासाहेबांच्या घरात बसत नाही. आणि बायको बरोबरीची असेल, तर लेकराची शी धुण्यातही नवरा बरोबरीचा असला पाहिजे.

बंधूंनो, विहारात आपण समतेवर भाषणे करतो. सकाळी मायची भाकरी चालू असते तेव्हा लेकराला पाच मिनिटे विटांवर बसवणे आपल्याला जड आहे काय? आम्ही वस्त्यांतून हिंडतो तेव्हा असा बाप क्वचित दिसतो, पण दिसतो. त्याला लोक हसतात. हसू द्या. त्याच्या घरी धपाट्याचा आवाज कमी येतो आणि त्याची मुलगी शाळेत असते.

घराबाहेरही आपले हक्क आहेत, ते माहीत असावेत. तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील त्या कारखान्यात पाळणाघर असावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात असे लिहिले होते, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरे आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. कागदावर आहे म्हणून ते आपोआप मिळत नाही, मागावे लागते. अंगणवाडी आपल्या देशात १९७५ पासून आहे, पण शाळापूर्व शिक्षणासाठी ती तीन वर्षांच्या पुढच्या लेकराला घेते. दीड-दोन वर्षांच्या लेकराचा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी २०२२ पासून केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची लेकरे तिथे राहू शकतात. ग्रामसभेत महिला मंडळाने ही मागणी लेखी मांडावी. अर्ज कसा लिहायचा हे वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी बघावे. त्यांच्या शिक्षणाचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लघवी करताना लेकरू रडते, लघवीला ताप-थंडीची जोड आहे, लघवीत किंवा शीत रक्त दिसते, तर थांबू नये. चांगली सवय लागलेले लेकरू अचानक पुन्हा ओले करू लागले, तर आधी घरात काय बदलले ते बघावे. नवे बाळ आले, माय कामासाठी गावाबाहेर गेली, कोणी मारले, कोणी घाबरवले, यानेही तसे होते, आणि माया केली की चार आठवड्यांत सुधारते. पण त्याबरोबर तहान फार लागत असेल आणि लेकरू वाळत चालले असेल, तर लगेच तपासून घ्यावे. तो मधुमेह असू शकतो. चार वर्षे होऊनही दिवसा अजिबात कळत नसेल तरी दाखवावे.

जुलाब लागले तर सवयीचे शिक्षण बाजूला ठेवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून ओआरएसची पुडी आणावी, पुडीवर लिहिलेल्या मापाने पाण्यात कालवावी आणि घोट घोट पाजावी. झिंकची गोळी चौदा दिवस द्यावी, जुलाब थांबले तरी पुरी करावी. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, ती चुकवू नये.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, लेकरू शिकायला काही आठवडे घेईल, काही महिने घेईल, पण ते शिकतेच. न शिकलेले लेकरू आम्ही पाहिलेले नाही. तोपर्यंत घरात कामाची वाटणी करा : सकाळची पाळी बापाची, दुपारची आजीची, संध्याकाळची मायची. आणि मोठ्या पोरीच्या हातात लंगोटाऐवजी दप्तर द्या. येत्या ग्रामसभेला जाताना पाळणाघराचा अर्ज सोबत न्यायला विसरू नका. जयभीम.